मदत हवी आहे: जुना फ्लॅट विकायचाय, तरुण ग्राहकांसाठी आधी काय करून घेऊ?
फ्लॅट जुना आहे पण उजेड-हवा मस्त, तरी बघायला येणारी तरुण जोडपी हमखास दोनच गोष्टी विचारतात, घरून काम करायला जागा कुठे आणि पार्किंगमध्ये ईव्ही (इलेक्ट्रिक गाडी) चार्ज होईल का. रंग, एलईडी दिवे, नळ बदलून झालं, फारसा फरक नाही. ओपन किचन करायचं होतं पण त्या भिंतीत कॉलम आहे म्हणून ते बाद. बजेट एकाच कामाचं आहे. पार्किंग स्वतःचं, मीटरच्या जवळ, म्हणजे गाडी चार्ज करायला अर्थिंगसकट १६ अँपिअरची वेगळी लाइन ओढता येईल, नाहीतर छोट्या बेडरूममध्ये टेबल, जास्तीचे प्लग पॉइंट आणि इंटरनेटची लॅन केबल. नुकतंच घर घेतलेल्यांनी सांगा, यातलं काय तयार असतं तर तुम्ही घर लगेच पक्कं केलं असतं?