ग्लेनड्रोनॅक 12 आणि 18: आधी बाटली कधी भरली ते बघा

ग्लेनड्रोनॅक ही स्कॉच व्हिस्की, 12 आणि 18 ही तिची वर्षांतली वयं. 'जुनी 18 भन्नाट होती, हल्लीची त्यामानाने हलकी लागते, कंपनीने दर्जा उतरवला' अशी तक्रार ऐकू येते. चव बदलली हे मान्य, कारण मात्र वेगळं असावं. ग्लेनड्रोनॅकची भट्टी 1996 ते 2002 बंद होती. लेबलवर छापतात ते बाटलीतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं वय. मधल्या काळात माल गाळलाच गेला नाही, म्हणजे 2019 साली '18' म्हणून भरलेल्या बाटलीत 1996 किंवा त्याआधीचाच माल, किमान 23 वर्षांचा! पैसे मात्र 18 चे. पुन्हा सुरू झाल्यानंतरचा माल 18 वर्षांचा झाला 2020 मध्ये, तिथे ही चैन संपली.

त्यामुळे 12 आणि 18 शेजारी ठेवून चाखणार असाल तर बाटली उजेडात तिरकी धरा, तळाजवळ काचेवर बारीक ठिपक्यांत भरल्याची तारीख छापलेली असते. दुकानदार सहसा ती बघत नाही, हे आपलं नशीब. आणि हा सामना निव्वळ वयाचा नाहीच. 12 मुरते ती पेद्रो हिमेनेझ (गोड) आणि ओलोरोसो (कोरडी) अशा दोन्ही प्रकारच्या शेरी वाइनच्या पिंपांत, अल्कोहोल 43 टक्के. 18 फक्त ओलोरोसोतली, 46 टक्के. 18 मध्ये चार थेंब पाणी घाला, मनुका आणि अक्रोडाची कडवट साल तेव्हा कुठे वेगवेगळी लागते. 12 ला पाणी दाखवूसुद्धा नये, लगेच पातळ पडते.