खरे ज्ञान अभ्यासाने मिळते की मागितल्याने?

शब्दशोधक (चर्चेचा प्रस्ताव)

गेल्या आठवड्यात आमच्या मंडळीच्या बायबल अभ्यासात एका तरुणाने विचारले, की उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्राणी आधी आणि माणूस नंतर निर्माण होतो, दुसऱ्या अध्यायात मात्र क्रम उलटा दिसतो, तर याचा मेळ कसा घालायचा? वर्ग घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी बायबल मिटले आणि "हे प्रश्न डोक्यातून काढ, प्रार्थना कर, ज्ञान वरून मिळते" असे सांगितले. मुलाने वहीत लिहून आणलेला प्रश्न तिथेच खोडला. ती खोडलेली ओळ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

अशा वेळी आधार घेतला जातो तो याकोबाच्या पत्राचा: ज्याला ज्ञान उणे आहे त्याने ते देवाजवळ मागावे. पण मागणे म्हणजे प्रश्न टाकून देणे, असे त्या वचनात कुठेही म्हटलेले नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावरही पंडिता रमाबाईंनी तिथल्या धर्मभगिनीशी पत्रांतून सिद्धांतांवर वाद घातला. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर तसेच दुसरे मानेवर घ्यायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. याच रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक मुळावरून बायबल मराठीत आणले. अभ्यास टाळून मागितलेले ज्ञान ही आळसाला दिलेली धार्मिक सबब आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

केडगावची वाट

आपण रमाबाईंची अर्धीच गोष्ट सांगितलीत. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी ध्यानात आले, असे त्यांनीच आपल्या साक्षीत लिहिले आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले, त्यांच्याकडे विद्या कमी नव्हती. उणी होती ती शरणागती. शलमोनाएवढा ज्ञानी राजा नव्हता, तरी म्हातारपणी त्याचे मन इतर दैवतांकडे वळलेच.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. नळावरच्या भांडणात शेजारीण तिला नको नको ते बोलली, आणि दुसऱ्या पहाटे आजीने रांगेतल्या आपल्या नंबरावर त्याच शेजारणीचा हंडा लावला. वरून येणारे ज्ञान शांतिप्रिय आणि सौम्य असते, असे याकोबाने त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे. आजीने ते कोणत्या ग्रंथातून अभ्यासले होते, हे आपण सांगावे.

पश्चिम किनारा

मी वसईचा, कॅथलिक. ज्ञानासाठी असलेला हिब्रू शब्द 'होखमा' निर्गम ग्रंथात बसालेल नावाच्या कारागिराच्या हातातील कसबासाठीही येतो. म्हणजे ज्ञान हे निव्वळ माहितीही नाही आणि निव्वळ भावनाही नाही; सुताराच्या हातात रंधा बसतो, तसे ते जगण्यात मुरावे लागते. शलमोनाने देवाजवळ जे मागितले, त्याचा मूळ हिब्रूतील शब्दशः अर्थ 'ऐकणारे अंतःकरण' असा आहे. आजींनी शेजारणीच्या शिव्यांमागची अडचण ऐकली असावी.

शब्दशोधक

आजींच्या हंड्यापुढे माझे 'आळस' हे विधान टिकत नाही, ते मी मागे घेते. परंतु शरणागतीनंतर रमाबाई अभ्यासापासून दूर गेल्या नाहीत. उलट त्यानंतरच त्यांनी अल्पशिक्षित बायकांना समजेल अशा सोप्या मराठीतील भाषांतर हाती घेतले आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या कामाला जुंपून घेतले. आणि 'ऐकणारे अंतःकरण' हीच कसोटी लावायची, तर त्या वर्गात ऐकले कोणी? येत्या गुरुवारी मी त्या मुलाबरोबर दोन्ही अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचणार आहे. वर्ग आपल्याकडे असता, तर आपण त्याला काय सांगितले असते?

केडगावची वाट

"मला ठाऊक नाही" असे सांगितले असते आणि त्याच्याबरोबर वाचायला बसलो असतो. बायबल मिटणे चुकीचेच होते. मात्र पहिली ओळ वाचण्याआधी आम्ही दोघांनी प्रार्थना केली असती, आणि या क्रमाबाबत माझे मत बदललेले नाही.