लेकीला गावी आजीकडे ठेवावं का? नवऱ्याचं बालपण आणि आमचा संसार – मदत हवी आहे

नमस्कार. बालमानसशास्त्र जाणणाऱ्यांची आणि स्वतः आजी-आजोबांकडे वाढलेल्यांची, दोघांचीही मतं हवी आहेत.

मुलगी अकरा महिन्यांची आहे. माझी बिनपगारी रजाही आता संपत आली. राहायला डोंबिवलीला, दोघांच्या नोकऱ्या मुंबईत. सकाळी सातची लोकल पकडली की घरी यायला रात्रीचे आठ. लेकीला सासूबाईंकडे गावी, संगमेश्वरजवळ ठेवायचं आणि शाळेच्या वेळी आणायचं, असं घरात चाललंय. नवरा म्हणतो, "मीही तसाच वाढलो, माझं काय बिघडलं?"

तो दीड वर्षाचा असताना त्याला त्याच्या आजीकडे ठेवलं होतं. लालबागला एका खोलीत सात माणसं, सासू-सासरे दोघंही कामाला, दुसरा इलाजच नव्हता. पहिलीत घालायला सहाव्या वर्षी मुंबईत आणलं. यात मी कुणाला दोष देत नाही. कोकणातल्या कितीतरी चाकरमान्यांची मुलं अशीच वाढली.

नवरा मनाने चांगला आहे, घरकामात बरोबरीने असतो. पण मी रडले किंवा आजारी पडले की लांब जातो. सिझेरियनच्या वेळी डबा, औषधं, बिलं, सगळं चोख केलं. मला रडू फुटलं की मात्र "डॉक्टरांना विचारून येतो" म्हणून वॉर्डाबाहेर. माहेरी गेले की स्वतःहून फोन नाही, परत आले की दोन दिवस परक्यासारखा. भांडत नाही, आवाज चढवत नाही. भांडला असता तर निदान काय खुपतंय ते कळलं असतं.

म्हणून वाचायला लागले. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांची अटॅचमेंट थिअरी वाचली. घाबरलं, दुखलंखुपलं की मूल ज्याच्याकडे धावतं, तिथे त्याला काय मिळतं यावरून 'आपल्याला गरज पडली तर कुणी येतं का' याचा अंदाज ते मनात बांधतं आणि पुढच्या नात्यांतही तोच धरून चालतं, असं ते मांडतात. १९८७ साली हेझन आणि शेव्हर या अमेरिकी संशोधकांनी हीच मांडणी मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावून पाहिली. त्यात जवळीक टाळणाऱ्यांचं वर्णन वाचताना मला नवराच दिसत होता. पण त्याच्या स्वभावाचं खापर असं बालपणावर फोडणं बरोबर आहे का? आणि लेकीचं काय?

सगळ्यात अवघड सासूबाईंशी बोलणं. परवा फोनवर म्हणाल्या, "ह्याचं लहानपण मला मिळालं नाही गं, नातीचं तरी मिळू दे." त्यांना मी नाही कशी म्हणू?

प्रतिसाद

मी लहान मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते. नवऱ्याला न भेटता त्याच्यावर कुठलाही शिक्का मारणार नाही, तुम्हीही मारू नका. लहानपणीची अटॅचमेंट आणि मोठेपणीची नाती यांचा संबंध अभ्यासांत दिसतो, पण तो माफक आहे. मधे शाळा, मित्र, लग्न, सगळंच येतं आणि माणूस बदलतो.

तरी एक गोष्ट सांगते, नवऱ्याकडे बघायला उपयोगी पडेल. बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला वर्षाच्या आसपासच्या मुलांचं निरीक्षण केलं. आई खोलीतून थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. आई गेल्यावर मूल किती रडतं यापेक्षा ती परत आल्यावर ते काय करतं, हे त्यांनी जास्त महत्त्वाचं मानलं. काही मुलं आईकडे बघतसुद्धा नाहीत, खेळतच राहतात. दिसायला शांत. पण पुढे स्राउफ आणि वॉटर्स यांनी अशा मुलांचे हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले निघाले. तुमचा नवरा वॉर्डाबाहेर जायचा तेव्हा त्याला काही वाटत नव्हतं, असं म्हणूनच लगेच धरू नका.

आजीकडे वाढणं म्हणजे कमी प्रेमात वाढणं नव्हे. १९६४ साली शॅफर आणि इमर्सन यांनी ग्लासगोच्या ६० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेक बाळांचा एकापेक्षा जास्त माणसांशी लळा जुळलेला होता. आजी ही खरी आईइतकीच माया लावू शकते. काळजी आहे ती वयाची. सहा-सात महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत जवळच्या माणसापासूनची लांबची ताटातूट मुलांना सर्वात जड जाते. आधी आकांत, मग उदासी, मग ते गप्प होतं आणि घरचे म्हणतात, "बघा, रुळली." त्या गप्प होण्यावर विसंबून निर्णय घेऊ नका.

प्रतिसाद

मी देवगडजवळ आजीकडे वाढलो, सातव्या वर्षी परळला आलो. आईने मला सोडलं ते मला आठवत नाही. आठवतं ते आजीला सोडणं. एसटीत बसवलं तेव्हा सगळे म्हणत होते, "आता आईकडे चाललास, मजा आहे." माझ्यासाठी आई ती होती जी मागे राहिली. मुंबईत रात्री रडलो तर सगळ्यांना नवल वाटायचं, कारण त्यांच्या लेखी मी आपल्या घरी आलो होतो. पुढे रडणं थांबवलं, आणि तेच लग्नानंतरही चालू राहिलं. बायकोने अनेक वर्षांनी विचारलं, "आजी गेली तेव्हा तू काय केलंस?" त्या दिवशी पहिल्यांदा बोललो.

ताई, दीड वर्षाच्या वयाचं त्याला विचारू नका. सहाव्या वर्षाचं विचारा. आणि लेकीचा विचार करताना दोन ताटातुटी मोजा, नेताना एक आणि परत आणताना दुसरी. दुसरी कुणी धरतच नाही.

धागाकर्ती

दादा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. काही बोलला नाही. पण रात्री जेवताना आपणहून आजीच्या हातच्या घावनांचं सांगत बसला, बराच वेळ. मी मधे तोंड घातलं नाही.

लेकीला पाठवायचं नाही, यावर तो राजी झालाय. सासूबाईंनाच पावसाळ्यापर्यंत इकडे बोलावतोय, म्हणजे नातीचं लहानपण त्यांनाही मिळेल. त्यानंतर मात्र पाळणाघराशिवाय गत्यंतर नाही. त्याने अटॅचमेंट बिघडते का?

प्रतिसाद

पुन्हा मीच, समुपदेशनवाली. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून जास्त मुलांचा मोठा अभ्यास झाला. नुसत्या पाळणाघरामुळे आईशी नातं असुरक्षित होतं असं त्यात आढळलं नाही. घरी मुलाच्या हाकेला ओ मिळत नसेल आणि पाळणाघरही निकृष्ट असेल, तेव्हा धोका वाढतो. म्हणून जागा बघताना भिंतीवरची चित्रं बघू नका. एका बाईंकडे किती मुलं आहेत आणि त्या बाई किती वर्षं टिकून आहेत, ते विचारा. सासूबाई इथे असतानाच सुरुवात करा: आधी आजीसोबत तासभर, मग एकटी तासभर, मग अर्धा दिवस. आणि निघताना तिची नजर चुकवून पळू नका. रडली तरी चालेल, "आई संध्याकाळी येते" असं तोंडावर सांगून निघा. संध्याकाळी घ्यायला शक्यतो बाबांना पाठवा.