कंडेन्सर नव्हे, बॉयलर बघा
औष्णिक वीजकेंद्रात इंधनाची निम्मी उष्णता कंडेन्सरमध्ये (टर्बाइनमधून आलेल्या वाफेचं थंड करून पुन्हा पाणी करणारा भाग) जाते, तेव्हा सुधारणा तिथूनच करा, असा एक युक्तिवाद असतो. आकडा ठीक, निष्कर्ष पटत नाही. ती उष्णता जेमतेम ४० अंशांची. भोवताल २५ अंशांवर असेल तर १ − २९८/३१३ (हीच तापमानं केल्व्हिनमध्ये), म्हणजे तिच्यातून फार तर ५ टक्के काम निघेल, तेही आदर्श यंत्र मिळालं तर! खरी नासाडी बॉयलरमध्ये होते. हजार अंशांच्या वरची ज्वाळा साडेपाचशे अंशांच्या आसपासची वाफ तापवते, तिथे भरमसाट एक्सर्जी, म्हणजे ऊर्जेतून जास्तीत जास्त जेवढं काम काढता येईल ती क्षमता, कायमची नष्ट होते. ऊर्जेच्या ताळेबंदात मात्र बॉयलर ९० टक्के कार्यक्षमतेच्या ऐटीत. विजेच्या हीटरचंही तेच. २५ अंशांचं पाणी ६० वर नेताना विजेतली साडेपाच टक्केच एक्सर्जी पाण्यात उतरते, बाकीची कॉइलपाशीच संपते. हीट पंप (भोवतालची उष्णता ओढून पाण्याला देणारं यंत्र) तेच काम साधारण एक तृतीयांश विजेत करतो, ते यामुळेच.