'एकच प्याला': सुधाकर बिघडतो तो नुसत्या दारूमुळंच का?

राजारामपुरीकर
मंडळी जरा मदत पायजे. एमएला राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' नाटक लागलंय आणि पुढच्या आठवड्यात वर्गात सुधाकर नि सिंधूवर बोलायचंय. वाचलं सगळं, पण एवढा हुशार वकील, घरी सिंधूसारखी बायको, रामलालसारखा दोस्त, आणि कोर्टात अपमान झाला म्हणून माणूस एवढा वाहवत जातो हे काय पचत नाही राव. सिंधू तर मला नुसती सोसणारीच वाटली. गाईडात 'दारूचे दुष्परिणाम' एवढंच दिलंय, ते तर सहावीतलं पोरगं पण सांगेल.

मंगळवार_पेठ
भावा, गाईड आदी बाजूला ठेव. सुरवातीचा सुधाकर बघ की, अजून थेंब घेतलेला नाही तरी पेटलेलाच हाय. गरिबीतनं स्वतःच्या हिमतीवर वर आलेला माणूस, त्याला कुणी कमी लेखलेलं चालतच नाही, कोर्टात मुन्सफाशी बिनसतं, वकिलीची सनद हातची जाते आणि त्याचा दारुडा कारकून तळीराम नेमका तेव्हाच प्याला पुढं करतो, अपमान विसरायचं औषध म्हणून. आणि पुढं तो दारू खरंच सोडतो बरं का! सोडून जुन्या ओळखीच्यांकडं काम मागायला जातो, तिथं सगळे हिडीसफिडीस करतात आणि गडी परत बाटलीकडं. तेवढा भाग नीट वाच, तुझं उत्तर तिथंच हाय. दारू सोडायची वेळ एकच, पहिल्या प्याल्याच्या आधीची, असं तो रामलालला सांगतो ते लोक सुविचारासारखं वापरतात, पण तो उपदेश करत नाहीये, हरलेला माणूस चिडून बोलतोय.

रंकाळ्याची_हवा
सिंधूबद्दल मी सांगते. भाऊ न्यायला आलाय, माहेरी पैशाला तोटा नाही, तरी ही जात नाही ('कशि या त्यजू पदाला' हे पद तिथलंच) आणि दुसऱ्यांचं दळण दळून घर चालवते. म्हणजे हट्टाला ती नवऱ्यापेक्षा कमी नाहीच, फक्त तिचा सगळा हट्ट त्याची लाज राखण्यात जातो. दारूच्या नशेत नवऱ्याच्या हातून पोटचं पोर गेलं, स्वतः शेवटच्या घटका मोजतीय, आणि पोलिसासमोर खोटं बोलून त्यालाच वाचवते. मला तिथं रडू येत नाही, संताप येतो, आणि हे वर्गात बिनधास्त सांग. गडकऱ्यांनी तिची देवी करून ठेवली हे खरंच आहे, पण शेजारी तळीरामाची बायको गीता पण उभी केलीय की, ती नवऱ्याला तोंडावर सुनावते. दोघींना समोरासमोर ठेवून बोललास तर मजा येईल.

विंगेतला
दोघांचंही बरोबर, फक्त तळीरामाला कुणी हात लावला नाही. आर्य मदिरा मंडळाचा, म्हणजे दारुड्यांच्या मंडळाचा सीन म्हणजे हशा ठरलेला, पण आमच्या तालमीत तळीराम करणारा पोरगा नुसता झुलत होता, त्याला सांगितलं की सुधाकरला पहिला पेला देताना अजिबात झुलायचं नाही, दवाखान्यातल्या कंपाउंडरनं डोस द्यावा तसा दे. एकदम गार पडली सगळी. त्याला नुसता विनोदी धरला की नाटकातली भीतीच जाते.
अजून एक, १९१९ मध्ये हे रंगमंचावर आलं ते बालगंधर्वांच्या सिंधूसकट, पदं वि. सी. गुर्जरांची, गडकरी तर त्याच जानेवारीत गेलेले, त्यांनी प्रयोग बघितलाच नाही. त्यामुळं सिंधू पुढं आली नि सुधाकर मागं पडला असं आपलं माझं मत. आपलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ ला जळालं नसतं तर म्हटलं असतं तिथं एखादा प्रयोग बघ, वाचून हे अर्धंच कळतं.

राजारामपुरीकर
लई भारी! पण मग रामलाल? तो मला उपदेशाचं मशीनच वाटला.

मंगळवार_पेठ
मशीन कसलं, सुधाकरच्या विधवा बहिणीला, शरदला, मुलगी मानतो आणि तिच्यावरच मन जातं त्याचं. दारूला न शिवणारा माणूस पण घसरतो, फक्त वेळेत सावरतो. आणि भगीरथ विसरू नको, प्रेमात हरून प्यायला लागलेला, तो सुटतो, कारण रामलाल त्याला धरून कामाला लावतो. सुधाकरला काम द्यायलाच कुणी तयार नव्हतं. ह्या दोघांवरच अर्धा तास बोल, मास्तर काय प्रश्न विचारत नाहीत बघ.