जंगल आपोआप उभं राहायचं तर आधी काय थांबवायचं, वणवा की चराई?

रानवाट: तोडलेल्या जंगलात खड्डे खणून रोपं लावायची बऱ्याचदा गरजच नसते. मुळं जिवंत असतात, बी पडत असतं. वणवा आणि चराई दोन्ही दहा वर्षं कडक बंद करा, जंगल आपलं आपण येईल.

कुंपणाबाहेर: नाही पटत. चराई थांबली की आधी झाड नाही, गवत माजतं. उन्हाळ्यात ते कमरेएवढं वाळून उभं असतं. ठिणगी पडली की ज्वाळा थेट कोवळ्या झाडांच्या शेंड्यापर्यंत. चरलेल्या रानात आग जमिनीलगत सरपटत जाते. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात ग्वानाकास्ते भागातले माळ जारागुआ या आफ्रिकी गवताने भरले होते. १९८० च्या दशकात परिसंस्थाशास्त्रज्ञ डॅनियल जान्झेन आणि सहकाऱ्यांनी तिथलं शुष्क जंगल परत आणायला घेतलं, तेव्हा आग अडवली, पण गुरं मुद्दाम ठेवली. गवत आटोक्यात राहावं म्हणून.

रानवाट: सुरुवातीला ठेवली, नंतर काढलीच की! साल वृक्षाचं रोपटं बघा. शेंडा वर्षानुवर्षं मरत राहतो, खाली मूळ जाड होत जातं, आणि पुरेसं बळ आलं की मग एकदम सरळ सोट फुटवा येतो. तो फुटवाच शेळीने दरवर्षी खुडला तर मुळातला साठा किती पुरणार?

राळ: आग वाईटच, हे दोघांनीही धरून चाललंय. लॉजपोल पाइन या उत्तर अमेरिकेतल्या झाडाचे बरेच शंकू, म्हणजे बी असलेली बोंडं, राळेने बंद असतात, आगीच्या धगीनेच उघडतात. १९८८ च्या मोठ्या वणव्यांनंतर अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात त्याचीच रोपं दाट उगवली.

रानवाट: तिथे मोठी आग शेकडो वर्षांतून एकदा येते हो. दरवर्षी लागली तर शंकू धरण्याइतकं झाड वाढणार कधी?

कुंपणाबाहेर: हे मान्य. पण मग चराईलाही तोच हिशेब लावा: किती जनावरं, कोणत्या महिन्यात. शेळी पाला ओरबाडते, गाय मुख्यतः गवत खाते. दोघींना एकच बंदी कशाला?

राळ: गाईचंही एवढं कौतुक नको. ती घाणेरीला सहसा तोंड लावत नाही, बाभळीच्या शेंगा मात्र खाते आणि बी शेणातून पेरत जाते. काही वर्षांनी काटेच उरतात. त्यात पावसाळ्यात खुरांनी तुडवलेली माती उन्हात विटेसारखी होते, बी रुजायला जागा नाही.

रानवाट: म्हणून म्हणतो, गुरं बाहेर ठेवा आणि गवत कापून न्या.

कुंपणाबाहेर: उतारावरचं गवत दरवर्षी कापणार कोण, तेही सांगा.