एनएलयू नाही तर लॉच नको? (परवाच्या सल्ल्यावरून)

कोर्टपक्षी:
परवा इथे एका महाशयांनी बारावीच्या मुलांना सल्ला दिला. क्लॅट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून एनएलयू, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठ, मिळालं तरच लॉ करा, राज्याच्या सीईटीवाल्या कॉलेजात जाणं म्हणजे पाच वर्षं आणि पैसा दोन्ही पाण्यात. खाली "अगदी बरोबर सर" म्हणणाऱ्यांची रांग. डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

बंगळुरूच्या लॉ स्कूलची, म्हणजे पहिल्या एनएलयूची, पहिली बॅच 1988 ची. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय 1855 चं, पुण्याचं आयएलएस 1924 चं. मग 1988 पर्यंत या देशात वकील काय आभाळातून पडत होते? बाबासाहेब मुंबईच्या ज्या शासकीय कॉलेजचे प्राचार्य होते तेही तुमच्या हिशेबात पाण्यातच? वकिलीची सनद सगळ्यांना एकच मिळते, बार कौन्सिलची एआयबीई ही परीक्षा सगळ्यांनाच द्यावी लागते. वकालतपत्रावर कॉलेजचं नाव लिहायला रकाना नसतो. ज्याला जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे चालवायचेत त्याला उगाच न्यूनगंड कशाला देता?

रेवती_निरगुडी:
1855 दाखवून आज नोकरी मिळत नाही हो. मोठ्या लॉ फर्म्स मुलं घ्यायला कुठल्या कॅम्पसवर जातात ते सांगा.

माझा भाऊ सीईटीतून एका खासगी कॉलेजात गेला. नियम 70 टक्के हजेरीचा. तिथे सत्राच्या शेवटी एकाच बैठकीत सगळ्यांच्या सह्या व्हायच्या, वेगवेगळी पेनं वापरून! मूट कोर्टाला (सरावाच्या खोट्या खटल्याला) एकाने मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, लिहायचं, बाकीच्यांनी नाव बदलून तेच द्यायचं. पाच वर्षांच्या कोर्सला 20 आठवडे इंटर्नशिप सक्तीची, तर ओळखीच्या वकिलाने न बघताच प्रमाणपत्रावर सही ठोकली. पाच वर्षांनी पोरगा साधी नोटीस लिहायला घाबरत होता. परवाच्या पोस्टची भाषा उर्मट होती, पण मुद्दा खोटा नव्हता.

बांधावरचा_वकील:
नोटिशीचं म्हणता, तर ऐका. आमच्या ऑफिसात एका नामांकित विद्यापीठाचा पोरगा ज्युनिअर म्हणून आला. हुशार, त्यात वाद नाही. शेतातल्या वहिवाटीच्या रस्त्याचा मनाई अर्ज लिहायला दिला. साहेबांनी झकास इंग्रजीत सुप्रीम कोर्टाच्या निकालांची रांग लावली. दावा मिळकतीचं वर्णन मात्र कुठेच नाही. गट नंबर नाही, चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दी, नाहीत. सातबाऱ्यावर इतर हक्कात काय नोंद आहे ते बघितलंच नव्हतं. समोरच्याची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, आली मराठीत, ती याने आमच्याच पक्षकाराकडून वाचून घेतली. म्हातारा मला बाजूला घेऊन विचारतो, "हे बी वकीलच का?"

तालुक्याच्या कोर्टाचं कामकाज मराठीत, जबाब मराठीत, फेरफार मराठीत. आणि क्लॅट? फक्त इंग्रजीत. सीईटी निदान मराठीतून देता येते. गावाकडची पोरं बाहेर ठेवायची सोय आहे ही सगळी.

सुस्पष्ट:
आला का मराठीचा झेंडा! धागा कॉलेज निवडीचा आहे.

पण आता काढलंच आहे तर सांगतो. मी सगळे पेपर मराठीत लिहिले, तेही गाईड पाठ करून. हायकोर्टात इंग्रजी लागतं, घटनेतच लिहिलंय, कलम 348. तिथे पहिल्यांदा उभा राहिलो आणि न्यायमूर्तींनी साधी तारीख विचारली, तर तोंडातून शब्द फुटेना. शेजारच्या कोर्टातलं इंग्रजी ऐकून ऐकून पुढे शिकलो, ते वेगळं. त्या गाईडवाल्या मराठीने माझी उमेदीची वर्षं खाल्ली. भावनेवर पोट भरत नाही.

बांधावरचा_वकील:
पक्षकारांपैकी हायकोर्टापर्यंत जातात किती? बाकीच्यांचा न्याय खालीच होतो. तुम्हाला गाईडने बुडवलं, मराठीने नाही. दोष कॉलेजला द्या.

सुस्पष्ट:
तेच तर रेवती म्हणताहेत! 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम 302 चं 103 झालं. त्यानंतरही आमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या भारतीय दंड विधानाचीच पुस्तकं पुढे मांडलेली होती, मी डोळ्यांनी बघून आलो. तुम्ही बसा चतुःसीमा मोजत.

बांधावरचा_वकील:
चतुःसीमा मोजूनच घर बांधलंय साहेब.

आई_म्हणून_विचारते:
भाषेचं भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या ना. मुलीला राज्याबाहेरच्या एका नव्या एनएलयूत जागा लागू शकते, आणि इकडे शासकीय कॉलेजही मिळेल असं दिसतंय. तिकडची फी, हॉस्टेल धरून वर्षाला काही लाख, म्हणजे कर्ज. तिला न्यायाधीश व्हायचंय. काय करू?

रेवती_निरगुडी:
ताई, एनएलयू म्हणजे सरसकट एक माल नाही. जुन्या पाच-सहांची गोष्ट वेगळी, कालपरवा उघडलेल्यांची वेगळी. मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरच्या एमएनएलयूत, म्हणजे महाराष्ट्रातल्या एनएलयूत, महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी राखीव जागा असतात, त्या आधी बघा. आणि माहितीपुस्तिका वाचू नका, तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. पुरावा कायदा कोण शिकवतं, आणि ते वर्गात येतात का, एवढं विचारा.

कोर्टपक्षी:
न्यायाधीश व्हायचं असेल तर मे 2025 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा. आता आधी तीन वर्षं वकिली केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे पदवीनंतर तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली. बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरला शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 द्या म्हटलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. आमचे सीनिअर दिवाळीला पाकीट द्यायचे, त्यावर वर्ष काढायचं. डोक्यावर हप्ता असेल तर कोर्टात कोण टिकेल? पोरगी फर्मची नोकरी धरेल आणि न्यायाधीशपद राहील बाजूला. शासकीय घ्या, सरळ.

रेवती_निरगुडी:
या एका मुलीपुरतं पटलं. कर्ज नसतं तर नसतं पटलं.

बांधावरचा_वकील:
मग माझंही घ्या. हजेरीवरून रेवतीताईंशी वाद घालणार नाही. आमच्या कॉलेजात हजेरीपटच नव्हता, त्यामुळे खोट्या सह्यांचा प्रश्न आला नाही.

आई_म्हणून_विचारते:
कर्ज नको, इथपर्यंत आलो. वकीलसाहेब, सुट्टीत मुलीला तुमच्या ऑफिसात बसवाल का?

बांधावरचा_वकील:
जरूर पाठवा. येताना घरचा सातबारा वाचून या म्हणावं.

रेवती_निरगुडी:
आणि महिन्याला किती देणार, तेही इथेच लिहा.